दाताचं धरण

मागच्या रविवारी शिनोलीला जाऊन आले. घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की माझा अर्धा शीण तिथेच उतरतो. हिरवाई, वरच्या अंगाला डिंभे धरण, आणि घरी पोचल्यावर आत्याच्या हातचा चहा. गेली चाळीस वर्षं हा क्रम बदललेला नाही. या वेळी मात्र चहाबरोबर बिस्किट पुढे केलं तर आत्या म्हणाली, "तू खा बाई. मला या अंगानं चावत नाही."

डावीकडची खालची दाढ काढून टाकली होती तिने. महिनाही झाला नव्हता.

"अगं, पण गेल्या दिवाळीत तर भरून घेतली होतीस ना?"

"भरली, पडली. परत भरली, परत पडली. तिसऱ्यांदा भरली ती गणपतीपर्यंत टिकली. मग आतून ठणकायला लागली. डॉक्टर म्हणाले रूट कॅनाल करा, कॅप बसवा. एवढे पैसे कुणी घालायचे, न् खुरपणी सोडून किती हेलपाटे मारायचे? म्हटलं, काढा एकदाची."

मी गप्पच बसले. आत्याने दाताकडे दुर्लक्ष केलं असं म्हणायची सोय नव्हती. दुखायच्या आधी गेली होती, सांगितलं तेव्हा गेली होती, तीन वेळा पैसे मोजले होते. आता ती मिश्री लावते, आणि त्याबद्दल आम्ही सगळ्यांनी तिच्याशी भांडून झालंय. मिश्रीने हिरड्यांचं वाटोळं होतं ते होतंच. पण भरलेली दाढ सहा-सहा महिन्यांत रिकामी व्हावी हे काही निव्वळ मिश्रीचं काम वाटेना.

मी तिला विचारलं, "भरताना तोंडात रबराचा पडदा लावला होता का गं?"

"कसला पडदा? कापूस कोंबला होता. तोंड भरून थुंकी आली, दोनदा उठून थुंकले, परत आडवी झाले."

तर मंडळी, आजचा लेख त्या पडद्याबद्दल आहे. त्याला इंग्रजीत रबर डॅम म्हणतात. डॅम म्हणजे आपलं धरणच!

मला हा प्रकार कळला तो माझ्याच दाढेमुळे. पुण्यात एका ठिकाणी (नाव कशाला घ्या) माझी दाढ दोनदा भरून झाली आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत कोपरा निघाला. तिसऱ्यांदा वेगळ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दात कोरायच्या आधी एक निळसर पातळ रबर काढलं, वीतभर चौकोनी. त्याला पंचने एक भोक पाडलं. दाढेच्या मानेवर एक छोटासा धातूचा चिमटा बसवला, त्यावरून रबर ताणून खाली सरकवलं आणि कडा एका चौकटीवर अडकवल्या. दोन-चार मिनिटांचं काम. माझी एकटी दाढ त्या भोकातून वर आली, बाकी सगळं तोंड पडद्याच्या मागे. पहिल्या मिनिटाला जीव घाबरला, मग कळलं की नाकाने श्वास छान घेता येतोय आणि घशात पाणी जात नाहीये. ते फिलिंग आज नऊ वर्षं जागेवर आहे.

एका दाढेवरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं. म्हणून घरी येऊन वाचत बसले, आणि वाचता वाचता या रबराच्या तुकड्याचा इतिहासच हाताला लागला. इतका सुरस निघाला की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

गोष्ट सुरू होते सोन्यापासून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चांगला दात भरायचा म्हणजे सोन्याचा पातळ वर्ख भरायचा. 1855 मध्ये रॉबर्ट आर्थर नावाच्या दंतवैद्याने दाखवून दिलं की वर्ख स्वच्छ असेल आणि तापवून घेतला असेल तर त्याचे थर एकमेकांवर ठोकले की ते आपोआप जुळून येतात. वितळवायला नको की डाग द्यायला नको. तोंडातच दात घडवता येऊ लागला. सोनाराचंच काम, फक्त जागा अवघड! पण अट एक होती. दोन थरांच्या मध्ये थुंकीचा एक थेंब आला की सोनं सोन्याला धरत नाही. आणि एकेक मोठं फिलिंग ठोकायला तास-दोन तास लागायचे. तेवढा वेळ माणसाच्या तोंडातली दाढ कोरडी ठेवायची कशी? रुमाल कोंबायचे, टिपकागद लावायचे. मदतनीस सारखे कापड बदलत बसायचे. तरी लाळ आपली येतच राहायची.

येणारच. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. गालातल्या ग्रंथीची वाट वरच्या दाढेच्या समोर उघडते, जबड्याखालच्या ग्रंथीची जिभेखाली. म्हणजे खालची दाढ अगदी झऱ्याच्या तोंडाशी. त्यात कुणी तोंडात हत्यार घातलं की शरीराला वाटतं जेवण आलं, आणि झरा आणखी जोरात वाहायला लागतो.

15 मार्च 1864. न्यूयॉर्क राज्यातला एक तरुण दंतवैद्य, सॅनफर्ड क्रिस्टी बार्नम, अशाच एका खालच्या दाढेपुढे हात टेकून बसला होता. सांगतात असं, की पेशंटच्या कपड्यांवर टाकायचं मेणकापड समोर होतं. वैतागून त्याने त्यालाच भोक पाडलं आणि ते दाढेवरून खाली सरकवलं. दाढ कोरडी! पुढे मेणकापडाच्या जागी पातळ रबर आलं. गुडइअरची रबर पक्कं करण्याची युक्ती तोवर वीस वर्षं जुनी झाली होती, त्यामुळे असं ताणलं जाणारं रबर मिळू लागलं होतं. सुरुवातीला ते दाताभोवती दोऱ्याने बांधायचे. 1882 पर्यंत भोकं पाडायचा पंच आणि वेगवेगळ्या दातांचे क्लॅम्प बाजारात आले. माझ्या डॉक्टरीणबाईंनी जो पंच वापरला तो त्याच घराण्यातला आहे. दीडशे वर्षांत त्यात बदलण्यासारखं फारसं काही कुणाला सापडलेलं नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. बार्नमने या शोधाचे पैसे घेतले नाहीत. सगळ्या दंतवैद्यांना तो फुकट देऊन टाकला. आणि त्याच 1864 साली, त्याच रबराच्या दुसऱ्या एका उपयोगाचं पेटंट मंजूर झालं, ते म्हणजे कवळीची कडक रबराची बैठक. ते पेटंट एका कंपनीच्या हाती गेलं आणि तिने अमेरिकेभरच्या दंतवैद्यांकडून परवाना शुल्क वसूल करायला सुरुवात केली. न देणाऱ्यांवर खटले. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून दंतवैद्यांना कोर्टात खेचायचा. 1879 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चॅल्फंट या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. एकच साल, एकच रबर. एकाने ते वाटून टाकलं, दुसऱ्याने त्यासाठी लोकांना जेरीला आणलं आणि स्वतःचा जीव गमावला. आणि आज बेकनची ती रबरी कवळी कुठे आहे? प्लास्टिकने तिला कधीच हटवलं. बार्नमचा फुकटचा तुकडा अजून चालू आहे.

इथे थोडं विषयांतर करते, कारण याच काळातल्या अमेरिकेतल्या एका दातांच्या दवाखान्याचे आपण मराठी माणसं कायमचे ऋणी आहोत. 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई आपल्या दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून तिथे पडलेलं एक मासिक उचललं. ते मिशनरी रिव्ह्यू होतं, एके काळी कोल्हापुरात असलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याने चालवलेलं. त्यात गोपाळराव जोश्यांचं पत्र छापलं होतं: बायकोला शिकायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का? वाइल्डरने ख्रिस्ती होण्याची सूचना केली होती, ती जोश्यांना नको होती. कार्पेंटरबाईंनी ते वाचलं, आनंदीबाईंना पत्र लिहिलं, आणि पुढचं सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. 1883 मध्ये आनंदीबाई त्यांच्याकडे उतरल्या, 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. सोनं ठोकायला तास-दोन तास लागायचे म्हणून वेटिंग रूममध्ये मासिकं वाचून व्हायची. त्या वेटिंगचं एवढं चांगलं फळ दुसरं कुठलं नसेल :)

असो. मूळ मुद्द्यावर येते.

एवढी सोपी गोष्ट मग मागे का पडली? मला वाटतं त्याला कारण चांदी. आपल्याकडे "दाढेत चांदी भरली" म्हणतात ना, ती. म्हणजे चांदी, कथील वगैरेंची भुकटी आणि पारा यांचं मिश्रण. स्वस्त, मजबूत, आणि मुख्य म्हणजे सोशिक. चांदी दाताला चिकटत नाही. खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरायचा आणि चांदी त्यात ठासायची. लोट्यात घट्ट बसलेल्या गुळासारखी ती अडकून राहते. थोडी ओल लागली तरी चालून जायचं. अगदी चालायचंच असं नाही बरं का! जस्त असलेल्या चांदीत ओल शिरली तर आत वायू तयार होऊन ती काही दिवसांनी फुगते आणि दाढ ठणकायला लागते. पण एकंदरीत कापसाच्या वळ्या आणि थुंकी ओढणारी नळी यांवर निभावून जायचं. दोन-तीन पिढ्यांच्या डॉक्टरांचा हात तसाच बसला. कॉलेजात रबर डॅम शिकवायचे, परीक्षेपुरता लावायचे, आणि दवाखाना टाकला की तो कपाटात जायचा.

मग साहित्यच बदललं. 1955 मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की दाताच्या वरच्या थरावर फॉस्फोरिक ॲसिड लावून धुतलं की त्यावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक छिद्रं पडतात, आणि त्यात राळेसारखा पातळ पदार्थ शिरून घट्ट धरून बसतो. 1962 मध्ये राफेल बोवेन यांच्या राळेला पेटंट मिळालं. आज दातांच्या रंगाचं जे "सिमेंट" म्हणून आपण भरून घेतो ते या दोघांच्या कामातून आलंय. ते खड्ड्यात अडकून राहत नाही, दाताला चिकटून राहतं. सगळी भिस्त त्या चिकटण्यावर.

आणि चिकटण्याच्या त्या नेमक्या क्षणी लाळ आली तर? लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात प्रथिनं असतात, ती काही सेकंदांत छिद्रांवर पातळ साय धरतात. राळ आत शिरायची ती सायीवरच बसते. त्या दिवशी वरून फिलिंग अगदी छान दिसतं. आरशात बघून आपण खूश होऊन, पैसे देऊन घरी येतो. मग कडेने बारीक फट पडते, गार पाण्याने झिणझिण्या येतात, फटीत अन्न आणि जंतू जातात, खालून पुन्हा कीड लागते. एक दिवस भाकरी खाताना तुकडा हातात. आत्याची गोष्ट नेमकी हीच.

(एक बारकावा सांगून ठेवते, नाहीतर कुणी दंतवैद्य वाचक कान धरेल. दाताच्या आतल्या थराला स्वतःची थोडी ओल असते आणि ती पार सुकवलेलीही चालत नाही. पण ती दाताची स्वतःची स्वच्छ ओल. लाळ आणि हिरडीचं रक्त हे बाहेरचे पाहुणे, त्यांना मज्जाव.)

हे सगळं मी शिनोलीत ओट्यावर बसून सांगत होते. नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, शेजारी तंबाखू मळत ऐकत होते. तरुणपणी ते धरणाच्या कामावर गवंडी होते. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगाव ज्या पाण्याखाली गेलं, त्याच पाण्याच्या भिंतीवर. (त्या जलाशयाला आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे.) नाना म्हणाले, "यात नवीन ते काय? नदीत भिंत घालायची तर आधी नदी वळवावी लागती. मातीचा बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं, खडक उघडा करायचा, घासून धुऊन घ्यायचा. चिखलावर काँक्रीट ओतलं तर ते खडकाला धरंल का? मोठं धरण बांधायचं तर आधी बारकं धरण बांधावं लागतं."

मी बघतच राहिले. मी अर्धा तास घेतला ते त्यांनी चार वाक्यांत संपवलं. आणि ते बारकं धरण कुणाच्या लक्षात राहतं? काम झालं की काढून टाकतात. रबर डॅमचंही तसंच. पेशंटला ते घरी न्यायला मिळत नाही, बिलात दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही कळत नाही.

रूट कॅनालच्या बाबतीत तर प्रश्न टिकण्यापुरता राहत नाही. त्यात केसासारख्या बारीक स्टीलच्या फाइल्स दाताच्या मुळात फिरवतात. हातातून सटकली तर ती पोटात जाऊ शकते, क्वचित श्वासनलिकेत. आतून धुवायला जे औषध वापरतात ते घरातल्या ब्लीचच्याच जातीचं, घशात जाऊ नये असं. शिवाय मुळातले जंतू काढायचे आणि त्याच वेळी लाळेबरोबर नवे आत सोडायचे, यात काय हशील? अमेरिकेतल्या रूट कॅनाल तज्ज्ञांची संघटना म्हणूनच रबर डॅमला उपचाराचा आवश्यक भाग मानते. 2020 मध्ये कोविड आला तेव्हा तर ड्रिलच्या तुषारांतून लाळ हवेत उडू नये म्हणून जगभरच्या दंतवैद्यांना हा कपाटातला पडदा पुन्हा आठवला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. फिलिंग टिकण्याबाबत रबर डॅम आणि कापूस यांची तुलना करणारे अभ्यास कॉक्रेनच्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये तपासले. निष्कर्ष असा की डॅम लावलेली फिलिंगं सहा महिन्यांनंतर कमी निकामी झालेली दिसतात, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे. म्हणजे डॅम लावला की दात शंभर वर्षं टिकला असं कुणी छातीठोक सांगू नये. कुशल हात, चांगली मदतनीस आणि कापूस यांवरही चांगलं काम होतं. काही दात अर्धवट उगवलेले असतात, क्लॅम्प बसतच नाही. कुणाला दम्याचा त्रास असतो, कुणाचं नाक चोंदलेलं असतं. रबराची ॲलर्जी असेल तर वेगळ्या साहित्याचे पडदे मिळतात, पण आधी सांगावं लागतं.

आणि डॉक्टरांची अडचणही खोटी नाही. छोट्या गावातला दवाखाना, बाहेर बाकावर दहा माणसं, मदतनीस एकच किंवा तोही नाही. फी वाढवली तर पेशंट दात भरायच्या ऐवजी काढूनच घेतो. अशा ठिकाणांसाठी वेगळा विचारही झालेला आहे. 1980च्या दशकात टांझानियात एक पद्धत निघाली, ड्रिलशिवाय, फक्त हातातल्या हत्यारांनी कीड काढायची आणि ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरायचं. हे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने धरतं आणि थोड्या ओलीचं त्याला तितकं वावडं नाही. तरी तिथेही कापसाच्या वळ्या बदलत राहून दात जमेल तेवढा कोरडा ठेवायचाच असतो. ज्या साहित्याला कोरडेपणा लागतो ते वापरायचं आणि कोरडेपणा मात्र नशिबावर सोडायचा, एवढंच चुकीचं.

पुढे हा प्रश्न वाढणारच आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार भारताने 2018 मध्ये मान्य केला. सोशिक चांदी हळूहळू जाणार आणि लाळ अजिबात न सोसणारं सिमेंट गावोगाव येणार. हात मात्र चांदीच्या काळातलेच राहिले तर भुर्दंड कुणाला? ज्याला तिसऱ्यांदा हेलपाटा परवडत नाही त्याला. माझं फिलिंग पडलं तेव्हा मी चिडले आणि दुसरी डॉक्टर शोधली. आत्याचं पडलं तेव्हा तिची दाढ गेली.

म्हणून नातेवाईक मंडळी, तुमच्यासाठी एवढंच (मला माहीत आहे, अर्धे वाचक तुम्हीच आहात). पुढच्या वेळी दात भरायला किंवा रूट कॅनालला जाल तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी नम्रपणे विचारा, "डॉक्टर, रबर डॅम लावणार का?" भांडायचं नाही. नाही म्हणाले तर दात कोरडा कसा ठेवणार ते विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. माझ्या बाई तर खूश झाल्या होत्या. म्हणाल्या, "लोक किंमत विचारतात, ब्रँड विचारतात, हे कुणीच विचारत नाही."

निघताना आत्या फाटकापर्यंत आली. म्हणाली, "उजवीकडच्या दाढेलाबी काळं दिसतंय गं. दाखवू का?"

पुढच्या शनिवारी तिला पुण्याला आणतेय. रबराच्या पडद्याची तिला धास्ती वाटू नये म्हणून नानांनी तिला आधीच सांगून ठेवलंय, "घाबरू नको. बारकं धरण हाये. काम झालं की काढतात."